पान तेवीस, ओळ चौथी

गुरुजींच्या तसबिरीला हार घालायचा नाही, असं भर सभेत सांगणारी बाई आज सकाळी गेली.

आमच्या प्रभाकाकू. दुर्गापुऱ्याच्या.

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात ज्यांनी त्यांना नुसतं संक्रांतीला तिळगूळ वाटताना पाहिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गुरुजी म्हणजे मंडळाचे संस्थापक. एक पेटी घेऊन या शहरात आले, गायनवर्ग काढला, त्यातून मंडळ उभं राहिलं. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण प्रत्येक कार्यक्रमाआधी त्यांच्या तसबिरीला हार, आणि दरवर्षी गाणाऱ्या एका मुलीला त्यांच्या नावाचा पुरस्कार. मलाही एकदा मिळालाय.

दोन वर्षांपूर्वी मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर मी आयटीत आहे.

माझी मराठी तेव्हा यथातथाच. बाबा बँकेच्या बदलीवर आले ते इथलेच झाले. माझा जन्म इथला, शाळा हिंदीतली. आई मराठीत ओरडायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे.

अध्यक्षकाकांनी जुन्या बैठकांच्या नोंदवह्या दिल्या. एका पानावर लिहिलं होतं:

"गायनवर्गातील तीन मुलींनी गुरुजींच्या शिक्षेची मागणी केली. विषय पुढील बैठकीत घ्यावा."

मला कोण आनंद झाला. शिक्षा म्हणजे एज्युकेशन, हे तर पहिलीपासून पाठ.

त्या पानाचा फोटो छापला आणि खाली हौसेने लिहिलं, की मुलींना गुरुजींकडून शिकायची एवढी ओढ होती, त्यांनी समितीकडे तशी मागणीच केली.

माझ्यासारख्याच हिंदी शाळेत शिकलेल्या तिघांनी प्रूफ तपासलं. कुणालाच काही खटकलं नाही.

स्मरणिका वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. घरी ये म्हणाल्या. मी जगतपुऱ्याहून स्कूटर काढली. वाटलं, शाबासकी मिळणार.

काकूंचं घराणं नागपूरचं. सगळा जन्म जयपुरात गेला तरी बोलणं तिकडचंच. पान तेवीस उघडून बसल्या होत्या.

"काय लिहून राहिली तू हे?"

मग मला नीट समजावं म्हणून हिंदीत विचारलं, "सज़ा को मराठी में क्या कहते हैं?"

मला खरंच येत नव्हतं.

"शिक्षा," काकू म्हणाल्या. "त्या तिघींतली एक मी. चौदा वर्षांची होती."

वर्ग सुटला की गुरुजी कुणातरी एकीला तान पक्की करायला थांबवायचे. आणि दाराला आतून कडी लावायचे.

तिघींनी मिळून समितीला पत्र दिलं. पुढच्या बैठकीत विषय आलाच नाही. वर्गाच्या यादीतून तिघींची नावं तेवढी कमी झाली. त्यातल्या एकीच्या वडिलांची बदली झाली. दुसरी आता हयात नाही. काकू त्यानंतर कुणासमोर गायल्या नाहीत.

मला रडू फुटलं. असली चूक माझ्या हातून व्हावी, याची भयंकर लाज वाटली.

काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुझी मराठी चांगली असती, तर तू ते पान गाळलं असतं. आजवर सगळ्यांनी गाळलंच."

पुढच्या रविवारी सी-स्कीम भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. काकूंनीच मागितली होती.

काय काय ऐकलं त्या दिवशी. आठवलं की अजून डोकं फिरतं. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. त्यांनी मंडळ उभं केलं त्याचं काय. मतलब, आता इतिहास बदलायचा का. आणि तो काळच वेगळा होता.

काळ वेगळा असेल. चौदा वर्षांची मुलगी तेव्हाही चौदाच वर्षांची होती.

शेवटी अध्यक्षकाकांनी विचारलं, पुरावा काय?

काकू उठल्या. आवाज जराही चढवला नाही.

"पुरावा तुम्हीच छापला आहे. पान तेवीस. विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा होता ना? मी आली आहे. घ्या."

अध्यक्षकाकांनी स्मरणिका उघडली. काकू पुढे म्हणाल्या,

"गुरुजींनी मला यमन शिकवला. तेही लिहा. पण हेही लिहा. आणि यापुढे हार घालायचा नाही."

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. मग आणखी एक. दोघी गुरुजींच्याच, नंतरच्या वर्षांतल्या विद्यार्थिनी. काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मग काकूंच्या बाजूने एकामागून एक हात वर होत गेले. मी मोजायचं सोडून दिलं, इतके.

पुरस्कारावरचं नाव गेलं. तसबीर भिंतीवर राहिली, हाराशिवाय, खाली दोन्ही गोष्टी लिहून. गायनवर्ग चालू असताना दार उघडं ठेवायचं, असा नियम झाला.

स्मरणिका मात्र काकूंनी परत छापू दिली नाही. चूक दिसली पाहिजे, शुद्धिपत्रक लावा म्हणाल्या.

वाटलेल्या प्रती परत गोळा करून, त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून आम्ही दोघींनी प्रत्येक प्रतीत ते चिकटवलं:

"पान तेवीस, ओळ चौथी. 'गुरुजींकडून शिकायची ओढ होती' याऐवजी 'गुरुजींना शिक्षा व्हावी अशी मागणी केली होती' असे वाचावे."

चिकटवता चिकटवता काकू गुणगुणायला लागल्या. यमनच होता.

बोटांना डिंक लागलेला, आणि बाई इतक्या वर्षांनी दुसऱ्या कुणासमोर गातेय. मी मान वर केली नाही. बघितलं तर थांबतील, अशी भीती वाटली.

त्या थांबल्या नाहीत. पुढची दोन वर्षं मंडळाचा गायनवर्ग त्यांनीच चालवला. गेल्या रविवारीही अकरा मुली होत्या, आणि शेजारच्या भाभीजी दारातून ऐकत होत्या.

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षकाकांनी लिहिलं, "आपल्या इतिहासातली चूक दुरुस्त करणाऱ्या प्रभाताई गेल्या."

पुरावा मागणारे तेच.

मी तीनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

काकू, जिंकून जाताय. तुमच्या सगळ्या मुलींची ताठ मानेने श्रद्धांजली.