रंभाबाईने न मारलेली मासोळी

आरमोरीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात गुणवंतराव राहतात. त्यांच्या घराच्या उंबऱ्याआत मेलेली मासोळी आजवर आली नाही. लोक एकादशी पाळतात, हे मासोळीचा ताजेपणा पाळतात. तलावात जाळं वर यायचा अवकाश, की गुणवंतराव, म्हणजे गावाचे भाऊ, काठावर हजर. थैलीत उड्या मारणारी मरळ नाहीतर मागूर घेऊन यायचं, थैली बायकोच्या हाती द्यायची आणि घरासमोरच्या सपरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ताजेपणाचे धडे द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता.

आत काय चालतं ते धडे घेणाऱ्यांना दिसत नसे. रंभाबाई हाताला राख लावून मागुराच्या मागे चुलीपासून माठापर्यंत धावत असे. मागुराला काटे असतात आणि मरायची अजिबात घाई नसते. पस्तीस वर्षांत तिच्या बोटांना किती काटे टोचले याला गणती नाही. मग भाऊ पहिला घास घेत आणि म्हणत, मासोळी म्हणजे अशी. मासोळीही काही बोलत नसे, रंभाबाईही नाही.

तिची एकच इच्छा होती. आपण न मारलेली, न साफ केलेली मासोळी एकदा तरी कोणीतरी ताटात वाढून समोर आणावी. हे तिने चंद्रपूरला दिलेल्या लेकीला, दिव्यानीला तेवढं सांगितलं होतं. म्हणून गावच्या शेतकरी गटाचा कोकणातली धानशेती पाहायला दौरा निघाला आणि जोडीने यायला हरकत नाही असं ठरलं, तेव्हा नवऱ्याच्या आधी हिने नाव दिलं. भाऊंना वाटलं, बाईला म्हातारपणी धानात गोडी लागली.

धान पाहून झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी धानाच्या मुलखातले हे अठरा झाडीकर समुद्राकाठच्या एका खानावळीत टेबलांना बसले. रंभाबाईने पापलेट सांगितलं. नाव गाडीतच पाठ करून ठेवलं होतं. पण गावात भाऊंनी पाहिल्याशिवाय मासोळीला कोणी हात लावत नाही, म्हणून गटप्रमुख हेमराजने त्यांना आत पाठवलं. बर्फावर सुरमई, बांगडे, पापलेट ओळीने निजले होते. भाऊंनी वाट पाहिली. एका सुरमईला बोटाने ढोसलं. सुरमईने दखल घेतली नाही. भाऊ बाहेर आले आणि निकाल दिला, "सगळेच्या सगळे मेले हायेत."

खानावळीच्या मालकीण नीलाबाई मागोमाग आल्या. समुद्रातला मासा पाण्याबाहेर आला की मरतोच, आमच्या आज्याच्या काळापासून एकही पापलेट चालत स्वयंपाकघरात आलेलं नाही, असं त्यांनी बरंच शांतपणे समजावलं. भाऊ म्हणाले, तुमचा रिवाज तुमच्यापाशी. आम्हाला वरणभात आणा, तोंडी लावायला आमच्याकडे घरचे वाळवलेले झिंगे आहेत, तेवढे भाजून द्या. हेमराजने मान डोलावली. तो वरणभाताची ताटं मोजायला लागला, आणि रंभाबाईला आपलं पापलेट जणू उलट्या पावली आत जाताना दिसलं.

चार माणसांत ती कधी बोलत नसे. ती उठली. थैलीतली झिंग्यांची पुडी काढली आणि नवऱ्यासमोरच्या रिकाम्या ताटात ओतली.

"पाहा बरं, यातला कोणता हलून राह्यला?"

अठरा जणांत हशा पिकला. झिंग्याची गोष्ट वेगळी आहे, असं भाऊ सांगू लागले.

"तुमाले जिवंत लागते," रंभाबाई म्हणाली. "मारावी लागते मले. आज मले मेलेलीच पायजे."

मग कोणी हसलं नाही. आजवर गावातल्या बऱ्याच पुरुषांनी त्या घरची मासोळी चाखली होती. नीलाबाईंनी मात्र खुर्ची ओढली, रंभाबाईला बसवलं आणि पापलेट तळून स्वतः आणून वाढलं.

आज भाऊंच्या तोंडाकडे कोणी पाहत नव्हतं, सगळे हिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने एक बाजू खाल्ली. पापलेट उलटवून दुसरी खाल्ली. काट्याला लागलेलं चोखून काढलं आणि भात मागितला.

"हेमराज, मलेबी पापलेट सांग," मागून कोणीतरी म्हणालं.

वरणभात रद्द झाला. भाऊ थोडा वेळ झिंगे चघळत बसले. मग निव्वळ माहितीसाठी म्हणून त्यांनी सुरमईचा एक तुकडा मागितला. माहिती पुरी व्हायला चार तुकडे लागले. सोलकढी घरच्या आंबाडीच्या सरबताच्या तोडीची नाही, एवढा शेरा मारून तीही त्यांनी दोन गिलास पिऊन टाकली.

गावी परतल्यावर आठ दिवसांनी तलावात जाळं पडलं. भाऊ दुपारी घरी आले, थैली दिली. सवयीने रंभाबाईने हाताला राख लावली, पाय रोवला, थैलीचं तोंड घट्ट धरून ती खाली ठेवली. थैली हलेना. उघडली तर आत मरळीचे तुकडे होते, एक बोटाएवढा, एक वितीएवढा, दोनेकांवर खवले तसेच. भाऊंच्या अंगठ्याला खांद्यावरच्या दुपट्ट्याची चिंधी गुंडाळलेली होती.

राखेचे हात धुऊन ती सपरीत त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी ताजेपणाचा धडा काही झाला नाही.