चिवड्याचा ओला डबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. दमलोय — बहुधा तेवढंच कारण असेल. तीन वर्षं एक गोष्ट तोंडात दाबून धरलीय, आणि आता जबडा दुखायला लागलाय.

गोष्ट एका पालीची आहे. हसू आलं तर हसा, मीही पहिल्यांदा हसलोच होतो.

आमची मुग्धा नववीत असताना तिने हट्ट करून ही पाल आणली. भिंतीवरची नव्हे — लेपर्ड गेको म्हणतात तिला. वीतभर लांब, पिवळी, आणि फोडणीतली मोहरी उडावी तसे अंगभर काळे ठिपके. म्हणून नाव चिवडा. माझी बायको पहिला महिनाभर त्या खोलीत शिरली नाही. पाल ती पालच, नाव ठेवलं म्हणून काय ती माणसात येते, असं तिचं म्हणणं. पण भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, चिवड्याला होत्या. तो डोळे मिटायचा, हळूच उघडायचा, अळी खाऊन झाली की ओठ चाटायचा. सहा महिन्यांत हीच मला विचारायला लागली, "जेवला का तो?"

महिन्या-दीड महिन्याने तो कात टाकायचा. आधी अंग पांढुरकं पडायचं, मग तो ओल्या डब्यात जाऊन बसायचा. ओला डबा म्हणजे काय, तर श्रीखंडाचा रिकामा डबा, त्याला कापून केलेलं दार आणि आत भिजवलेला कागद. त्या ओलाव्यात कात सुटते. सुटली की तो ती स्वतःच खाऊन टाकायचा, पुरावा मागे ठेवायचा नाही. डबा सुकला तर मात्र कात बोटांना आवळते, डोळ्यांवर चिकटून बसते. लग्न होऊन पुण्याला जाताना मुग्धाने हे सगळं मला कागदावर लिहून दिलं. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला.

आतल्या बाजूने — कारण आमच्याकडे चिवडा आहे हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. वसईच्या माणिकपूरमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. चौथ्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणला तेव्हा मीच नोटीस लावली होती, इमारतीत प्राणी पाळू नयेत म्हणून. खाली माझी सही. त्यांनी मुकाट्याने तो कुत्रा सांडोरला नातेवाइकांच्या केळीच्या वाडीवर नेऊन ठेवला. त्या घरातली आजी पुढे कित्येक महिने जिन्यात दिसली की तोंड फिरवायची. आणि मी? मी घरी येऊन दार लावायचो आणि चिवड्याला अळ्या घालायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ते हेच.

मुद्द्यावर येत नाहीये मी. कळतंय मला. येतो.

आम्ही राजापूरकडचे. गणपतीला गावी जाणं चुकत नाही. एरवी मुग्धा असायची, ती दीड दिवसाचं दर्शन घेऊन चिवड्यासाठी माघारी यायची. त्या वर्षी ती सासरी होती आणि आम्ही अकरा दिवस राहणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. बाबा, त्याचं अंग पांढरं पडलंय का? पडलं होतं. मग डब्यात पाणी मारायला कोण येणार? मी म्हटलं, शेजारच्या मार्थामावशींना किल्ली दिलीय, त्या येतील रोज. बायकोलाही तेच सांगितलं होतं.

किल्ली दिली होती, हे खरंच. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला दिली होती.

चिवड्याच्या खोलीला मी कुलूप लावलं. त्याच्यासमोर पाण्याची मोठी वाटी ठेवली, थोड्या अळ्या ठेवल्या, डबा चांगला भिजवला आणि मनाची समजूत घातली, की वसईची हवा अशी दमट, ह्याला काय होतंय? मार्थामावशींना सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्या फार तर हसल्या असत्या. पण हसून त्या चौथ्या मजल्यावर बोलल्या असत्या — आणि मग ती नोटीस, ती सही, माझी ती खुर्ची. त्या कवडीमोल अब्रूसाठी मी कुलूप लावलं.

गावी रोज आरती केली. रोज एकदा तरी तो डबा डोळ्यांसमोर आला. फोन करून सांगू शकलो असतो, किल्ली त्यांच्याकडेच होती, खोलीची चावी तर टीव्हीशेजारच्या वाडग्यात पडलेली. नाही केला.

परत आलो तर मार्थामावशी दारातच भेटल्या. किल्ली हातात देत म्हणाल्या, "भाऊ, तुळशीला रोज पानी घातलं हां. एक दिवस चुकवला नाय." तुळस खरंच हिरवीगार होती. तिच्यापासून सहा पावलांवर, कुलपाच्या आत, डब्यातला कागद पापडासारखा कडक झाला होता. चिवडा त्याच्या शेजारी पडला होता. जिवंत होता. बोटांवर कातीची कडी आवळलेली, आणि दोन्ही डोळ्यांवर करडा पापुद्रा. माझा आवाज ऐकून त्याने तोंड वर केलं, पण भलत्याच बाजूला.

तेव्हा तरी मुग्धाला फोन करावा की नाही? मी केला नाही. आपणच निस्तरू म्हटलं, तिला कळायच्या आत. बायको खोलीत यायच्या आधीच तो कागद भिजवून ठेवला. तीन दिवस कोमट पाण्यात बसवलं. बोटांची कात थोडी सुटली, डोळ्यांची सुटेना. चौथ्या दिवशी मी बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला. तिला म्हटलं, तू बाहेर जा. डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा ओढला. तो आला, पण नुसता आला नाही, सोबत रक्त आलं. चिवडा ओरडला. चौदा वर्षांत तो एवढा एकदाच ओरडला. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही.

मग अंधेरीला असे प्राणी बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. आता मुग्धाला कळवावंच लागलं; ती फोनवर होती, स्पीकर चालू. डॉक्टरांनी सरळ विचारलं, डबा मधे कधी कोरडा पडला होता का? कुणी कात ओढली का?

मी म्हणालो, "नाही."

दोन्ही प्रश्नांना एकच नाही. हाच माझा गुन्हा. बाकीचं मूर्खपणात गेलं असतं एक वेळ, पण हे मी शुद्धीवर असताना बोललो.

डॉक्टरांनी बॅटरी मारून त्याचे डोळे पाहिले. मग म्हणाले, तसं असेल तर लहानपणापासून आहारात जीवनसत्त्व कमी पडलं असावं, त्याने पापण्या आणि कात बिघडते, आणि आता वयही झालंय. फोनमधून मुग्धा म्हणाली, "माझ्यामुळे झालं. अळ्यांना पावडर लावायचा कंटाळा करायचे मी शाळेत असताना." ती रडत होती. मी काय केलं? औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

डावा डोळा गेला, मग उजवाही गेला. पुढच्या दोन बोटांची टोकं गळून पडली. आता तो चौदाचा आहे, आंधळा. चिमट्यात अळी धरून त्याच्या ओठांना लावावी लागते, मग तो तोंड उघडतो. चिमटा दुसरा आणलाय. डबा मी दिवसातून दोनदा भिजवतो. सेक्रेटरीपद सोडलं. ती नोटीसही काढली, पण कुत्रा काही परत आला नाही.

मुग्धा सध्या बाळंतपणासाठी माहेरी आलीय. सातवा सरलाय. रोज संध्याकाळी ती चिवड्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि रोज त्याला हळूच सॉरी म्हणते. मी ऐकलेलं तिला माहीत नाही. परवा पोटावर हात ठेवून, हसत म्हणाली, "बाबा, मला एक पाल धड वाढवता आली नाही. हे कसं जमणार हो?"

हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. हीच वेळ होती. बायको स्वयंपाकघरात होती, घरात शांतता होती, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "जमेल गं. सगळ्यांनाच वाटतं तसं."

तिने माझा हात धरला. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून तो जगला तरी."

मी हात सोडवून घेतला, उठलो, आणि डब्यातला कागद भिजवायला घेऊन गेलो. तो ओलाच होता.