एकोडीचं सूप

एकोडीत गुलाबच्या घरी आढ्याला एक सूप टांगलेलं असे. त्यात कधी तांदूळ पाखडला गेला नव्हता. ते पक्षाचं सूप होतं. सूप ही पक्षाची निशाणी आणि गुलाब हा पक्षाचा एकोडीतला माणूस, शिक्का मारायच्या काळापासून बटण दाबायच्या काळापर्यंत. निवडणुकीत प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तो सूप खाली काढायचा, दारोदार जायचा आणि चौकटीशी उभा राहून त्यावर बोटांनी थापटायचा. भाषण नाही, पत्रक नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं, ज्यांना दिसतच नव्हतं, त्यांनाही त्या आवाजावरून सगळं कळायचं.

राज्यात पक्ष ओसरत चालला होता, उन्हाळ्यात तलाव ओसरतो तसा. आधी मुंबईत त्याचंच सरकार असे. मग कुणाच्या तरी टेकूवरचं सरकार, मग विरोधी बाक, मग बाकाचाही कोपरा. दर पराभवानंतर प्रदेशाध्यक्ष बदलायचा आणि नवा अध्यक्ष नव्याने हरायचा. जिल्ह्यातही तीच गत. पण एकोडीच्या बूथवर सूप कधी मागे पडलं नव्हतं. निकालाच्या दिवशी सगळीकडची हार ऐकून झाली की गुलाब एवढंच विचारायचा, “आन एकोडीत?” पुढे आहो, असं उत्तर आलं की तो जेवायला बसायचा.

यंदा लोकसभेच्या वेळी साकोलीहून कैलाश आला. पक्षाचा तालुकाध्यक्ष, वयानं गुलाबच्या मुलासारखा. गाडीवरून न उतरताच बोलला.

“काकाजी, आपला उमेदवार नाही. प्रदेशानं जागा मित्रपक्षाले सोडली. आता त्याइची निशाणी, शिडी, चालवा लागते.”

गुलाबचा हात आपसूक कपाळावरच्या जुन्या खुणेकडे गेला. शिडीवाल्यांनी एकदा त्याचं बूथबाहेरचं टेबल उलथवलं होतं, तेव्हाची ती खूण.

“ह्याच लोकाइनं माहं कपाळ फोडलं होतं, कैलाशभाऊ.”

“आता ते आपले आहेत.”

“कवापासून?”

“परवापासून,” कैलाश म्हणाला आणि स्वतःच हसला. मग हसू आवरून गाडी बंद केली. “काकाजी, खरं सांगू? या तालुक्यात पक्ष म्हणजे तुमचा बूथ उरला आहे. तेथचं लीड गेलं तर वर दाखवाले आपल्यापाशी काय राहते? लोकाइले सांगा, शिडी म्हणजे आपलंच सूप.”

तो गेल्यावर गुलाब ओसरीवर बसून हिशेब करू लागला. सूप घेऊन फिरलो तर म्हातारी माणसं मशीनवर सूप शोधतील आणि मत न देताच बाहेर येतील. फिरलोच नाही तर घरातूनच निघायची नाहीत. दोन्हीकडून एकोडी जात होती.

शेवटच्या दिवशी त्यानं गुरांच्या कोठ्यातली बांबूची शिडी खांद्यावर घेतली. सत्यभामा दारात उभी होती.

“अजी, इतक्या वर्साचं सूप सोडून हे कायले उचललं?”

“निशाणी बदलली.”

“आन माणूस?”

गुलाबनं शिडीचा खांदा बदलला आणि चालू लागला.

पहिलं घर रुखमाकाकीचं. तिच्या डोळ्यांत सारा पडलेला, दिसत नव्हतं. गुलाबनं सवयीनं शिडीच्या पायरीवर बोटं आपटली, पण आवाजच आला नाही. म्हातारीनं पुढे येऊन शिडी चाचपली.

“कोन? गुलाब? बरं केलं बापा, शिडी आणली! पोराले सांगून सांगून थकली मी. वांदरानं सारे कवेलू फोडले. चढ, चढ.”

पावसाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे छपरावरची कौलं नीट लावायचे दिवस होते ते. अशा दिवसांत शिडी घेऊन दारात आलेल्या माणसाचा दुसरा अर्थ कोणी काढणार नव्हतं. गुलाबच्या तोंडी आलेलं वाक्य तोंडातच राहिलं. तो वर चढला. फुटके कवेलू काढले, कोपऱ्यातले चांगले उचलून तिथं बसवले. मग उरलेल्या भगदाडातून खाली बोलला. तिथून बोलणं सोपं वाटलं.

“काकी, यंदा मशीनवर सूप नाही.”

“काहून? पक्ष मेला का?”

“नाही. मुंबईत आहे.”

“मंग मी काय दाबू?”

“शिडी दाबा म्हणतेत.”

“कोन म्हणते?”

“वरचे.”

“वर तर तूच बसून राहिला,” रुखमा हसली. “तू काय म्हणतो?”

भगदाडातलं ऊन तिच्या वर केलेल्या चेहऱ्यावर पडलं होतं. कैलाशनं शिकवलेलं वाक्य गुलाबला पाठ होतं.

“मी काही म्हणत नाही, काकी. सूप शोधू नको, इतकंच सांगतो. ते तेथं नाही.”

आणि त्यानं शेवटचा कवेलू बसवला. पुढच्या घरीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. अंधार पडेपर्यंत त्याचे तळवे कवेलूंनी खरचटले होते आणि अर्ध्या गावाला त्यानं तेवढंच सांगितलं होतं.

मतदानाच्या दिवशी रुखमा सुनेचा हात धरून आली. बाहेर पडल्यावर गुलाबच्या टेबलाशी थांबली.

“सुनेले इचारलं, पाह्य बरं, सूप आहे का. नाही म्हणे. मंग शिडी दाबली.”

“काहून, काकी?”

“तू चढला होता न तिच्यावर,” ती म्हणाली आणि गेली.

निकालाच्या दिवशी दुपारी कैलाशचा फोन आला. जागा गेली होती, पण तो ओरडत होता. “काकाजी, एकोडीत लीड! प्रदेशाध्यक्षाच्या कानावर घातलं मी!”

“सुपाले किती?” गुलाबनं विचारलं.

“काकाजी, सूप उभंच नव्हतं न.”

“हो,” गुलाब म्हणाला. “विसरलोच.”

ताट वाढलेलं होतं. तो बसला नाही. आढ्याचं सूप काढून त्यानं सत्यभामेपुढे ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पदरानं सुपावरची धूळ पुसली आणि तांदूळ ओतून पाखडायला घेतला. त्या सुपातून असा आवाज निघतो, हे गुलाबला ठाऊक नव्हतं.

बाहेरून कोणी तरी हाक मारली, “ओ शिडीवाले भाऊ! पावसाचं पाणी येऊन राहिलं, आमचे कवेलू राहिले न!”

गुलाब शिडी घ्यायला कोठ्याकडे गेला.