मागं ऱ्हायलेल्या सासूचं पानी

दिवाळी झाली की आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं लागत्यात. धडधाकट मानसं ऊस तोडायला कारखान्यावर जात्यात, म्हातारी मागं ऱ्हात्यात. आमी नवरा-बायकू बी जायचो. सासू मागं घर सांभाळायची, शेळी बघायची. एका साली तिच्या अंगावरून वारं गेलं. एक हात, एक पाय लुळा पडला, दुसऱ्यात बी जोर ऱ्हायला न्हाई. बाजंवरच पडली.

रानात काय पिकलं न्हवतं, जानं चुकनार न्हवतं. तिला संगं न्यावं, तर तिथं थंडीत पाचटाच्या कोपीत कशी ऱ्हानार? शेजारी माजी चुलत जाऊ. तिला जवारी दिली, म्हनलं, "आत्याबाईला दोन घास खाऊ घाल." ती म्हनली, "बिनघोर जा. माजी बी सासूच हाय." मी गेले. पन डोक्यात एकच. आमी परत येऊस्तवर म्हातारी जगती का न्हाई.

जाऊ भाकर द्यायची, खोटं कावून बोलू? पन अंथरून काढायला, कूस बदलायला जाईना. वास मारतो म्हनायची. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या.

गावाच्या कडंला येसूवाल्यांचं, म्हंजी किरिस्तावांचं, एकच घर. त्यातली बाई लोकांच्या गोधड्या शिवायची. ती रस्त्यानं चालली व्हती, कन्हनं ऐकलं अन् आत गेली. तवापासून रोज सकाळ-सांज यायची. लुगडं बदलायची, पाठ धुवायची, कूस बदलून द्यायची. सासूनं सगळं करू दिलं, पन तिच्या हातचं पानी घेईना. येसूची व्हायच्या आदी ती मानसं गावकुसाबाहेरची, म्हनून. आमच्यात तसंच व्हतं. घान काढलेली चालायची, पानी चालायचं न्हाई.

बाई म्हनली, "मंग कुनाच्या हातचं पिता, मावशी?"

"माज्या पुतन्याच्या बायकूच्या."

झालं. बाई जावंच्या दारात. जावंनं मला फोन केला. मी फडात मोळी बांधत व्हते.

"ती येसूवाली मला जेवू देत न्हाई! सकाळ-सांज दारात हुबी. 'चला अक्का, म्हातारी तान्हेली हाय.' मी म्हनलं, तूच वत की बाई! तर म्हनती, 'त्यांनी म्हनल्याबिगर कशी वतू?'"

जाऊ लई चिडली व्हती. मला मातर त्या दिशी भाकर गोड लागली. कुनाला तरी म्हातारीची तान दिसत व्हती.

फागुनात जाऊ उमापूरला लेकीच्या बाळातपनाला गेली. मला सांगितलं बी न्हाई. फुडचं सासूनंच सांगितलं. बाई कुलूप बघून परत आली. उन्हं तापलेली, सासूची जीभ वाळलेली. बाईनं तांब्या भरला अन् बाजंपशी खाली बसली. जबरदस्ती केली न्हाई. डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून पुटपुटाया लागली.

सासू म्हनली, "काय गं, मला मारायचा मंतर म्हनतीस का?"

"न्हाई मावशी. तुमची पाठ बरी व्हावी म्हनून देवाला सांगते."

"तुज्या देवाला म्हनावं, पाठीचं मागून बग. आदी घसा बग."

अन् तिनं तोंड उघडलं.

पट्टा पडला, कारखाना बंद झाला, आमी घरी आलो. उंबऱ्यात पाय टाकायला मी भ्याले. तर आतून आवाज, "आली का गं? लई काळी पडलीस." पाठ बघितली. जखमा भरल्या व्हत्या, नवं कातडं आलतं. मी रडले न्हाई. चुलीवर पानी तापत ठेवलं.

बाईला लुगडं घेऊन गेले. घेईना. म्हनली, "लुगडं ऱ्हाऊ द्या अक्का. शाळंमागं एक म्हातारा बाबा बाजंवर पडून हाय, मला एकटीला उचलत न्हाई. येता का?"

गेले. मी बाबाला वढाया लागले, तर म्हनली, "वढू नका, कातडं सोलतं. खालून हात घाला." तिथून तिच्यासंगं जायचं सुरू झालं.

सासू फुडं कैक सालं जगली. बाई अलीकडं वारली. तिच्या मातीला गावातल्या सुना गेल्या. कुनी बोलावलं न्हवतं.

माजे गुडघे गेले, आता मी तोडीला जात न्हाई. दिवाळीनंतर सकाळी मागं ऱ्हायलेल्या म्हाताऱ्यांची घरं फिरते. जाऊ बी येती. नाकाला पदर लावती, कुरकुर करती, पन येती. कुनी मला हसतं, "म्हातारे, तू येसूची झालीस का गं?" मी म्हनते, "न्हाई बाबा, कपिलधारच्या वारीला जाते मी अजून. म्हाताऱ्या मानसानं एका कुशीवर किती येळ पडायचं?"

ह्या साली एका घरची सून कारखान्यावरनं सारखी फोन करती. नीट इचारत बी न्हाई, नुसतं म्हनती, "मावशी, हाय ना?" मी म्हनते, "हाय. तूच बोल." अन् फोन तिच्या सासूच्या कानाला लावते.