काकूंच्या उजव्या कानाचं माप

नामदेवकाकांच्या फियाटमध्ये पुढच्या सीटवर डाव्या बाजूला मी ताठ बसलो होतो. रशीदभाई माझ्या उजव्या कानापासून सीटच्या पाठीपर्यंत टेप धरून माप घेत होते. ती जागा काकूंची, म्हणजे काकांच्या पत्नीची होती. काका दाराशी उभे होते.

"जरा खाली सरक," ते मला म्हणाले. "तुही काकू एवढी उंच नाही."

मी घसरून बसलो.

"अजून. हां. आता बरोबर."

मेहकरला रशीदभाईंचं फायबरचं वर्कशॉप आहे. सकाळी मी कॉलेजात जातो, दुपारनंतर तिथे काम करतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून असं काही लिहिताना किती समजावून सांगावं आणि किती सोडावं हे मला नीट कळत नाही. जमेल तसं लिहितो.

आमचं मुख्य काम कूलरच्या बॉडीचं आणि टाक्यांच्या झाकणांचं. पण अलीकडे गाडीत गाण्यांचा टेप बसवण्याची हौस वाढली आहे. टेप बसतो, स्पीकरला मात्र जागा नसते. मग दाराच्या आतून किंवा मागच्या काचेखाली फायबरचं पॅनल करून त्यात स्पीकर बसवावा लागतो. ते तयार मिळत नाही. गाडी पाहून हाताने घडवावं लागतं.

नामदेवकाका अमडापूरचे. शेती मोठी, भाजीपाल्याचा मळा. जुनी फियाट घेतलेली, ती स्वतःच चालवतात. मुलगी अकोल्याला दिलेली आहे, तिच्याकडे दोघं नवराबायको जात-येत असतात. काकूंना भजनं ऐकायची फार आवड. पण मागच्या वर्षी त्यांना मुदतीचा ताप आला आणि डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. काकांनी कुठूनसा दारात स्पीकर बसवून घेतला, तो नेमका त्याच कानाशी आला. काकूंना नीट ऐकू येईना. म्हणून काका आमच्याकडे आले होते. त्यांना स्पीकर काकूंच्या उजव्या कानाशी हवा होता.

उजवीकडे तर काका स्वतः गाडी चालवत बसणार. पुढची सीट सलग, बाकासारखी. तेव्हा जागा एकच उरली, दोघांच्या मधली.

रशीदभाई म्हणाले होते की एकदा वहिनींना घेऊन या, माप बरोबर येईल. काकांनी मान हलवली. आमच्याकडे सगळे बनियनवर काम करतात, अंगाला चिकट रेझिन लागलेलं असतं, चारी बाजूंना कूलर पडलेले. अशा ठिकाणी घरची बाई आणून बसवायची, हे त्यांना पटणारं नव्हतं. शिवाय काम पुरं होईपर्यंत तिला कळूही द्यायचं नव्हतं. रशीदभाईंनी फार आग्रह केला नाही. आमच्या भागात कोणी केला नसता. म्हणून काकूंच्या जागेवर मी बसलो.

काम असं असतं. सीट खराब होऊ नये म्हणून आधी तिच्यावर प्लास्टिक ताणून चिकटवायचं. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई ठेवायची. तिला मॅट म्हणतात. मग रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते ब्रशने मॅटवर चोपायचं. रेझिन मधासारखं असतं, हार्डनर पडला की घट्ट व्हायला लागतं आणि वाळल्यावर सीटच्या आकाराचं कवच निघतं. पुढच्या भागाला प्लायवुडची गोल रिंग लावायची, म्हणजे स्पीकरचं तोंड जिकडे हवं तिकडे वळवता येतं. रिंग आणि कवच यांच्यामध्ये जुन्या बनियनचं कापड ताणून त्यावरही रेझिन मारायचं. कापड ताणलं की आपोआप गोलाई येते. नंतर पुट्टी, घासणं, आणि वरून सीटच्याच रंगाचं रेक्झिन.

दिवस उन्हाळ्याचे होते. पहिल्या खेपेला माझ्या मगातलं रेझिन ब्रश बुडवायच्या आत तापलं, त्यातून धूर निघाला आणि खरवसासारखं थिजून बसलं.

"कालेजात हेच शिकवते का बे?" रशीदभाईंनी विचारलं. मग स्वतःच हार्डनर कमी करून दुसरा मग तयार केला.

घासताना काचेचे बारीक धागे अंगात शिरतात आणि खाज सुटते. वर्गात मी बाही खाली ओढून बसायचो. पण पॅनल सुरेख झालं. सीटच्या पाठीला पट्ट्यांनी आवळलं तर जणू सीटमधूनच उगवल्यासारखं दिसत होतं. आत स्पीकर, तोंड बरोबर डावीकडे, कानाच्या उंचीला. मी पुन्हा एकदा घसरून बसून आवाज ऐकला. एवढं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

काका गाडी न्यायला आले तेव्हा रशीदभाईंनी मला सोबत पाठवलं. काकू बसल्या की पट्ट्या थोड्या वर-खाली कराव्या लागतील, असं ते म्हणाले.

अमडापूरला काकांच्या अंगणात माणसंच माणसं होती. बाजेवर त्यांचे मोठे भाऊ, दोन्ही मुलगे, सुना, मळ्यातले मजूर. सगळ्यांनी पॅनल हात लावून पाहिलं. काकू डोक्यावरचा पदर सावरत आल्या आणि गाडीत बसल्या. काका त्यांच्याशी काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चाल, तू मांगं बस." आणि गाडी खामगावच्या रस्त्याला घेतली.

मी टेप लावायला सांगितला. भजन सुरू झालं आणि काकूंनी चटकन पॅनलकडे पाहिलं. मग त्या हसल्या. त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. तो क्षण मला फार आवडला.

गाव मागे पडलं तसे काका बोलायला लागले. अंगणात गप्प असलेले हेच का, असं वाटावं इतके. टमाट्याचा भाव, धाकट्या सुनेचं माहेर, अकोल्याला या वेळी किती दिवस राहायचं. काकू पॅनलच्या पुढून वाकल्या.

"काय म्हन्ता?"

काकांनी पुन्हा सांगितलं. काकू आणखी वाकल्या. त्यांनी खुणेने टेप बंद करायला लावला. तरीही मध्ये पॅनल होतंच, आणि काकांचा चेहरा दिसायला त्यांना मान लांब करावी लागत होती. काका बोलायचे, त्या वाकायच्या, पुन्हा विचारायच्या. हळूहळू काकांचं बोलणं थांबलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"नाही आवडलं?"

"आवाज लय चांगला हाय," काकू म्हणाल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "लय मेहनत केली तू." मग काकांना म्हणाल्या, "पन हे काढा."

"काऊन? तुह्यासाठीच तं केलं."

काकूंनी पदर सावरला. माझ्यासमोर बोलावं की नाही, असं त्यांना वाटलं असावं. तरी बोलल्या.

"घरी तुमी बोलता का माह्याशी? घरी मोठे भाऊजी हायेत, पोरं हायेत, मानसं हायेत. तुमी बोलता ते या गाडीतच. अन् मले एकच कान राह्यला, तुमच्याकडचा. त्याच्याच आडवं हे डबडं ठेवलं तुमी."

काका दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. मग त्यांनी मान न वळवता मला विचारलं, "निंघते का रे हे?"

मी पट्ट्या सोडल्या, वायर काढली, पॅनल मागे माझ्या शेजारी ठेवलं. वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर काका टमाट्यापासून पुन्हा सुरू झाले. काकू काही वेळा नुसतं "हाव" म्हणायच्या, एकदा तर त्यांनी काकांचं म्हणणं साफ खोडून काढलं. मला सगळं ऐकू येत होतं, पण ते आपण ऐकू नये असं वाटून मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

मेहकरला आल्यावर रशीदभाईंनी पॅनल माझ्या हातात पाहिलं. "फेल झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश धुऊन ठेवला.

"मांगच्या काचीखाली लावू," मग म्हणाले. "आवाज मांगून येईन. मधात कोनी येनार नाही. पन या डाव वहिनीले आना म्हना."

या वेळी काकू आल्या. रशीदभाईंनी आम्हा सगळ्यांना शर्ट घालायला लावले. काकू स्वतःच्या जागेवर बसल्या, मी मागच्या सीटवर स्पीकर धरून बसलो आणि रशीदभाईंनी टेपचा आवाज हळूहळू वाढवला. काका स्टीअरिंगवर बसून त्यांच्याशी बोलत होते. भजन ऐकू येतं आहे आणि काकांचं बोलणंही कळतं आहे, असं काकूंनी ज्या आवाजाला सांगितलं, तोच आम्ही बरोबर धरला. स्पीकरचा कोनही तिथेच पक्का केला.

तेव्हापासून स्पीकरचं काम आलं की रशीदभाई गाडी कोणती हे नंतर विचारतात. त्या जागेवर कोण बसतं ते आधी विचारतात, आणि त्याच माणसाला बसवून माप घेतात. वेळ जास्त जातो. पण काम दुसऱ्यांदा करावं लागत नाही.