कांद्याची एकच पेशी

मी एका मुलीला तिनं अगदी बरोबर काढलेली आकृती खोडायला लावली. वर खोडरबरही माझंच दिलं, गुलाबी, वासाचं, नवंकोरं. तेरा वर्षांच्या बाईसाहेब होतो आम्ही! पणजोबा राजवाड्यात साधे कारकून होते की कारभारी, याचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही, पण तोरा सगळ्यांचा कारभाऱ्याचाच. मला तर तो जरा जास्तच शोभायचा, असं माझं मत होतं.

सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. आठवीला गुजराती शाळेत घातलं. बाकावरची माझी शेजारीण लहरीपुऱ्याच्या बाजारातल्या बांगडीवाल्याची मुलगी. घरची गुजराती, पण शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळे मराठी छान बोलायची. तिला बघण्याचा नाद होता. माशी बसली की पुढचे पाय एकमेकांवर चोळते, हे तिनं मला दाखवलं. तोवर माशी ही मी फक्त मारली होती.

तिच्या वडिलांचं म्हणणं, पोरीला शिक्षण झालं तेवढं पुरे, दिवाळीनंतर दुकानात बसेल. आमच्या विज्ञानाच्या बेन, म्हणजे बाई, दुकानात जाऊन त्यांच्याशी भांडून आल्या. शेवटी ते इतकं म्हणाले, "शनिवारी शाळेत येतो. पोरीचं काम दाखवा. काही दम असला तर शिकू दे." म्हणजे शनिवारी बेन कोणता कागद पुढे करतात, यावर तिची शाळा टांगलेली. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. आदल्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला तिनं टोक केलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक केलं.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. बेननी कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, काचेवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि वरची चिमुकली काच तिरकी धरून हळूच सोडली. "सरळ आपटलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात," त्या म्हणाल्या, "आणि मग तुम्ही बुडबुड्यालाच सजीव समजून त्याचं चित्र काढता. सजीवांचा अभ्यास असा करायचा. आधी बघायचं, मग काढायचं, नाव सगळ्यात शेवटी." मग फळ्यावर लिहिलं, 'डुंगळीनी पेशी दोरो.' कांद्याची पेशी काढा.

ती कितीतरी वेळ नळीला डोळा लावून होती, तोंड उघडं टाकून. मग तिनं विटांच्या भिंतीसारखं काहीतरी काढलं. प्रत्येक विटेत एक ठिपका, आणि एक वीट दुसरीसारखी नाही. माझी पाळी आली तेव्हा मी जाता जाता आरशात बघावं तेवढंच बघितलं. मला गरजच काय? दादाच्या मराठी पुस्तकात मी पेशी पाहिली होती. एकटी, गोल, मध्ये ठिपका.

"अगं, हे काय? पेशी काढायला सांगितलीय, मधाचं पोळं नाही."

"पण आत इतक्या सगळ्या आहेत ना."

"असू देत. पेशी म्हणजे एक. एकवचन."

"मला तर भिंत दिसली."

"तुझं मराठी कच्चं आहे म्हणून. शब्द आमचा आहे, मला माहीत."

तिनं एकदा नळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी खोडरबर पुढे केलं. तिचा पानभर एकच भोपळा काढून झाल्यावर मी तिला शाबासकीसुद्धा दिली.

गुजरातीत, म्हणजे बेनच्या फळ्यावर, पेशी म्हणजे पुष्कळ जणींचा जमाव, आपण जिला ऊती म्हणतो ती. एकटीला ते 'कोष' म्हणतात. आमच्या घरी कोश म्हणजे कपाटातलं जाड पुस्तक. शब्दांचे अर्थ बघायला ठेवलेलं. ते कुणी उघडत नसे, कारण आम्हाला सगळं येत होतं.

बेननी दोघींच्या कागदांवर लाल शाईनं एकच शेरा मारला, 'जोया वगर दोर्युं छे.' न बघता काढलं आहे. माझ्या घरी त्या शेऱ्याचा विनोद झाला. जेवताना वडिलांनी तो दोनदा वाचून दाखवला, सगळे हसले, मी रुसले, आणि आईनं मला जास्तीचं श्रीखंड वाढलं.

तिचे वडील शनिवारी वर्गाच्या दारात उभे राहिले. बेन म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. एवढं एक चुकलंय." त्यांनी तो लाल शेरा बेनकडूनच वाचून घेतला. कागद हातात घेतला. मग मुलीकडे वळून म्हणाले, "न बघताच काढायचं, तर घरी बसून रांगोळी काढ."

मी पहिल्याच बाकावर होते. कागद तिरका झाला की भोपळ्याखाली खोडलेल्या भिंतीच्या रेघा दिसत होत्या. दिसत होत्या मला. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यातलं पहिलं बारकाईचं निरीक्षण ते. डाव्या बुटाची शिवण उसवली होती.

दिवाळीनंतर ती आली नाही. आणि गंमत बघा, मी पुढे जीवशास्त्रच शिकवलं. अजून त्याचंच पेन्शन खाते. दर वर्षी नव्या मुलांना छाती पुढे काढून सांगायचे, आधी बघा, नाव शेवटी. लाज कशी ती नाहीच.

गेल्या महिन्यात अकोट्याच्या माझ्या घरून रिक्षानं लहरीपुऱ्यात गेले, बांगड्या घ्यायला. गल्ल्यावर तीच. लग्नही बांगड्यांच्याच दुकानात झालं म्हणे, बापाच्या दुकानातून उठून नवऱ्याच्या दुकानात बसली. तिनं मला लगेच ओळखलं. शेजारी स्टुलावर तिची नात, मांडीवर आठवीचं विज्ञानाचं पुस्तक. माझी जीभ वळवळली. म्हटलं, हिला माझ्याकडे पाठव, मी शिकवीन, फुकट. ती माझ्या मापाच्या बांगड्याच निवडत राहिली, तेव्हा कसंबसं म्हणून टाकलं, "तुझी ती आकृती बरोबर होती गं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

तिनं माझा हात दाबून लहान केला, बांगडी गाठीवरून सरकवली. दुखलं. दुसरी बांगडी उचलत ती म्हणाली, "ना बेन, तू राहू दे. ट्यूशनवाला भाई आहे ना, तो बरा. त्याला मराठी येत नाही."