गाढवाचं चौथं नाव

नारिन नदीच्या काठच्या त्या गावात ओसमोनकुलचं गाढव त्याच्याइतकंच प्रसिद्ध होतं. पक्षाचा जो नेता होईल त्याचं नाव गाढवाला मिळायचं. आजवर तीन नेते आले, गाजले, पडले. गाढव तेच राहिलं, तसंच ओरडत. "खातं कमी आणि टिकतं जास्त," ओसमोनकुल म्हणायचा.

ही अक्कल त्याला फुकट आली नव्हती. तरुणपणी त्याचाही नेत्यांवर भारी जीव. थोरला मुलगा झाला तेव्हा चार थोर साम्यवादी पुढाऱ्यांची आद्याक्षरं जुळवून त्याने पोराचं नाव मेलिस ठेवलं. पुढे पुढाऱ्यांचे पुतळे दोर लावून खाली ओढले गेले, आणि पोराच्या गळ्यात नाव तेवढं राहिलं. धाकट्याच्या वेळी म्हातारा शहाणा झाला. ताशतान. म्हणजे दगड. दगडाला कोण पाडणार?

मग शरदात पक्षाला चौथा नेता मिळाला, नुरदोलोत. गोरागोमटा, आवाज मोठा, डोकं बेताचं. त्याचं सगळं राजकारण एका वाक्यात मावायचं : "माझ्या बाजूला या, नाहीतर नदीपलीकडे जा." जोडायचं काम अवघड, तोडायला कुऱ्हाड पुरते. मेलिस नेत्याच्या बाजूला गेला, ताशतान विरुद्ध. दोघा भावांच्या अंगणांमध्ये कुंपण आलं आणि बोलणं बंद झालं.

वसंतात ताशतानला मुलगा झाला. पाळण्याची मेजवानी ठरली, तसा ओसमोनकुलच्या मनात बेत शिजू लागला. मेंढ्याच्या डोक्यातले दोन डोळे दोघांत वाटतात, ज्यांनी एकमेकांना वरचेवर बघावं अशा दोघांत. वाढलेला वाटा नाकारायचा नसतो. एक डोळा मेलिसला, एक ताशतानला. आपल्या डोळ्यांदेखत हे झालं की आपण सुटलो.

"बेत चांगला आहे," बायको कलीपा म्हणाली. "आधी दोघांना मेजवानीच्या एका तंबूत तर बसवा."

"पुतण्याच्या पाळण्याला मेलिस येणार नाही होय? तो मूर्ख आहे, दुष्ट नाही."

मेलिस आला. पण एकटा नाही. गर्दी जमणार हे कळल्यावर नुरदोलोतही मागोमाग आला, मोटारीवर झेंडा लावून. आगंतुक असला तरी पाहुणा तो पाहुणा. त्याला दाराच्या समोरच्या टोकाला, मानाच्या जागी बसवावं लागलं, आणि मानाच्या जागी बसेल त्याच्याच पुढे मेंढ्याचं डोकं ठेवावं लागलं. ओसमोनकुलचा बेत ताटासकट परक्याच्या हाती गेला.

"दोन तुकडे कापेल आणि ताट परत देईल," तो कलीपाच्या कानाशी पुटपुटला. "रीत आहे."

"रीत माहीत असलेला माणूस न बोलावता येतो का?"

नुरदोलोतने कान कापून एका लहान पोराला दिला. तिथवर बरोबर. ओसमोनकुलने ताटासाठी हात पुढे केला. पण नेता रंगात आला होता. त्याने दोन्ही डोळे काढले आणि दोन्ही मेलिसच्या वाडग्यात टाकले.

"माझे डोळे म्हणजे हा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तंबूत चहा ओतणारीचा हात थांबला.

"दोन्ही?" मेलिसने हळूच विचारलं.

"दोन्ही. आपल्यात वाटेकरी नको."

"जोडीची जोडी एकालाच," कलीपा कुणाकडेच न बघता म्हणाली. "आता त्याने आरशात बघत बसावं."

दाराजवळून कुणीतरी फिसकन हसलं. ओसमोनकुलपुरती मेजवानी संपली होती. मेलिसचे कान लाल झाले. वाडगा घेऊन तो उठला, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराशी बसलेल्या ताशतानसमोर जाऊन टेकला.

"घे."

"तुलाच दिलेत ना दादा? खा दोन्ही. नेता रागावेल."

"जास्त बोलू नकोस. गार झाला की चिवट होतो."

ताशतानने एक उचलला. दुसरा मेलिसने तोंडात टाकला. दोघं एकमेकांकडे न बघता चावत राहिले.

नुरदोलोतला यातलं काही कळलं नाही. "पाहिलंत? ही आपली एकी," म्हणत त्याने टाळ्या वाजवल्या आणि कुणीच साथ देईना तेव्हा हात पुसले. तो निघाला तेव्हा मेलिस मोटारीपर्यंतही गेला नाही.

धूळ बसल्यावर शेजारच्या झुमाशने गाढवाच्या पाठीवर थाप मारली. "काय ओसमोनकुलदादा, याला नवं नाव कधी?"

"राहू दे जुनंच."

"का? हा नेता टिकत नाही म्हणता?"

"घरात शिरला, मेंढा खाल्ला आणि हातातला एकुलता माणूस घालवून गेला. अशी चार गावं फिरला की संपला. गाढवाला नव्या नावाची सवय होईतो आणखी पाचवा येईल. मुक्या जनावराला कशाला त्रास?"

तेवढ्यात तंबूमागून आवाज चढले. कुंपण आधी कुणी घातलं आणि आता उपटायचं कुणी, यावरून मेलिस आणि ताशतान कडाकडा भांडत होते. कलीपा सोडवायला निघाली.

ओसमोनकुलने तिची बाही धरली. "अगं, भांडू दे," तो म्हणाला. "शरदापासून पहिल्यांदा बोलताहेत."